दोन कंसांत हिंगणी

हिंगणीतल्या, सेलूतल्या आणि बोर धरणाकडच्या गावांतल्या आईबाबांनो,

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि टपाल चुकू लागलं. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, इकडे आपलं सेगाव. गांधीजींची पत्रं भलत्याच गावी जाऊन पडायची. म्हणून १९४० साली सेगावचं नाव सेवाग्राम झालं. पुढे वर्धा पूर्व या रेल्वे स्टेशनलाही सेवाग्राम हेच नाव मिळालं. त्यामुळे आज ‘सेवाग्राम’ म्हटलं की एक गाव, एक आश्रम आणि एक जंक्शन, असं तिन्ही डोळ्यांपुढे येतं. विकिपीडियाच्या पानावर दुवा कसा घालायचा हे मुलांना शिकवताना मी सुरुवात इथूनच करतो. संगणकाचं काही सांगण्याआधी त्यांना एवढंच विचारतो, की तुम्ही ‘सेवाग्राम’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला कुठे न्यायचंय? आश्रमात की फलाटावर?

या शिकण्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात, “आमचं पोट्टं दोन-दोन तास मोबाइलात काय करून रायलं? संपादन-संपादन म्हणते, ते काय असते?” प्रश्न रास्त आहे. मोबाइलात मान घालून बसलेलं मूल बाहेरून सारखंच दिसतं, मग ते खेळत असो, रील पाहत असो की गावाबद्दल चार ओळी लिहीत असो. आत काय चाललंय हे तुम्हाला कळलं, तर त्याच्या शेजारी बसावंसं वाटेल, अशी माझी खात्री आहे.

विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. त्यातली पानं कोणी पगारी लेखक लिहीत नाहीत. तुमच्याआमच्यासारखी माणसं लिहितात, दुरुस्त करतात, वाढवतात. प्रत्येक पानाच्या मागे त्याचा कच्चा मजकूर असतो आणि त्या मजकुरात काही साध्या खुणा घातलेल्या असतात. अमुक शब्द ठळक दिसावा, अमुक ओळ मथळा व्हावी, अमुक शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडावं, हे सगळं त्या खुणा ठरवतात. मुलं शिकत आहेत ती या खुणांची भाषा.

ती तुम्हाला अगदी अनोळखी आहे असंही नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ग्रामसभेची सूचना टाकताना तारखेच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की ती ठळक दिसते, हे तुमच्यापैकी कितीतरी जणांना येतं. तिथे चांदणी, विकिपीडियावर अवतरणाच्या एकेरी खुणा. दोन दिल्या की शब्द तिरपा, तीन दिल्या की ठळक. पानाच्या पहिल्या ओळीत गावाचं नाव ठळक करायची रीत आहे, म्हणून मुलं पहिल्यांदा लिहितात ते असं: '''हिंगणी'''. ओळीच्या दोन्ही टोकांना बरोबरच्या दोन-दोन खुणा दिल्या, जसं == शेती ==, की मथळा तयार. ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिली की ठिपक्यांची यादी, हॅशची (#) खूण दिली की आकड्यांची. आणि दोन चौकटी कंसांत शब्द ठेवला, जसं [[वर्धा]], की दुवा. कंस बैलजोडीसारखे, दोन उघडले की दोन बंद झालेच पाहिजेत. एवढ्यावर पानाचं बहुतेक काम होतं. साचे, तक्ते, चित्रं हे पुढचं. ते मूल सवडीनं शिकतं, आणि नाही शिकलं तरी काही अडत नाही.

या कंसांमागची गोष्ट मला फार आवडते. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं जगातलं पहिलं विकी सुरू केलं. पान वाचता वाचताच कोणालाही ते बदलता यावं आणि त्यासाठी अवघड भाषा शिकावी लागू नये, अशी त्याची इच्छा होती. दुवा घालायची त्याची युक्ती अशी, की दोन इंग्रजी शब्द मधली जागा न सोडता जोडायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं ठेवायचं. तसा शब्द दिसला की यंत्र त्याचा दुवा करायचं. विकिपीडियाही पहिल्या दिवसांत याच रीतीनं चालला. आता बघा, आपल्या देवनागरीत मोठी अक्षरं आणि लहान अक्षरं असा भेदच नाही. ती रीत कायम राहिली असती तर मराठीत दुवा घालायचा कसा? २००१ सालीच दोन चौकटी कंसांची सोय आली आणि कोणत्याही लिपीतला कोणताही शब्द दुवा होऊ शकला. इतकी बारीक गोष्ट, पण तिच्यामुळे हिंगणीतलं मूल आपल्या अक्षरांत लिहू शकतं.

अडचणी मात्र येतात, आणि त्या बहुतेक आपल्या मराठीपणातूनच येतात. त्या तुम्हाला माहीत असाव्यात, कारण मूल चिडून मोबाइल टाकून देतं ते अशाच वेळी.

शाळेच्या वहीत निबंध लिहिताना परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायची, असं आपण सगळेच शिकलो. मूल विकीवरही तसंच करतं. ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडतं आणि पानावर ती ओळ वेगळ्याच अक्षरांत, एका चौकटीत जाऊन बसते. कारण ओळीआधीची मोकळी जागा हीच तिथे एक खूण आहे. परिच्छेद पाडायचा तर मध्ये एक अख्खी ओळ मोकळी सोडायची. एकदाच एंटर दाबलं तर दोन्ही ओळी एकमेकींना चिकटतात. दुसरी अडचण अवतरणाची. तिरप्या अक्षरांसाठी एकेरी खूण दोनदा द्यायची असते, तर मूल दुहेरी अवतरण एकदाच देतं. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं, यंत्राला नाही. काही मोबाइल आपल्या मनानं सरळ खुणेची वाकडी खूण करून टाकतात आणि मग शब्द काही केल्या ठळक होत नाही. तिसरी तर आणखी फसवी. काही दुव्यांत मध्ये एक उभी रेघ लागते, आणि देवनागरी कीबोर्डवर श्लोकाच्या शेवटी देतात तो दंडही उभाच असतो. मूल दंड देतं, दुवा मोडतो, आणि तिथे काय चुकलं ते कोणाला दिसत नाही. ज्या शाळेत इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवतात तिथल्या मुलांना चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ मिळतो आणि अवतरणाच्या जागी ‘ट’. खुणेपुरतं इंग्रजी कीबोर्डवर जायचं, परत मराठीवर यायचं, अशी ये-जा त्यांना करावी लागते. पहिले काही दिवस ती जड जाते, मग बोटं आपोआप वळतात.

या सगळ्यासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ नावाची मोकळी जागा आहे. तिथे काहीही लिहावं, मोडावं, पुसावं. खऱ्या पानाला धक्का लागत नाही. खऱ्या पानावरही प्रकाशित करण्याआधी ‘झलक’ पाहायची सोय असते. मुलांना मी सांगतो, झलक पाहिल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. तुम्ही शेजारी असाल तर तुम्हीही हेच सांगा. “झलक पाहिली का रे?” एवढा प्रश्न पुरतो. त्यासाठी तुम्हाला संगणक यायची गरज नाही.

आता त्या उभ्या रेघेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते मुलाला सगळ्यात जास्त मिळतं ते तिथे.

मराठीत शब्द जसाच्या तसा क्वचित येतो. वर्धा हे गाव, पण आपण म्हणतो वर्ध्याला, वर्ध्यातून, वर्ध्याचा. नागपूर दीर्घ, पण नागपुरात ऱ्हस्व. पवनारचं ‘पवनारला’च राहतं, पण धाम नदी ‘धामेच्या काठी’ होते. पानाचं शीर्षक मात्र नेहमी मूळ रूपात असतं. मुलानं [[वर्ध्याला]] असं लिहिलं तर यंत्र ‘वर्ध्याला’ नावाचं पान शोधतं आणि ते काही सापडत नाही. तिथे लिहावं लागतं असं: [[वर्धा|वर्ध्याला]]. रेघेच्या डावीकडे पानाचं खरं नाव, उजवीकडे आपल्या वाक्यात बसणारं रूप. वाचणाऱ्याला फक्त ‘वर्ध्याला’ दिसतं आणि बोट ठेवलं की तो वर्धा या पानावर पोचतो.

सामान्यरूप नावाचं प्रकरण तुम्हाला शाळेतलं आठवत असेल. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. तेच प्रकरण इथे मुलाच्या रोजच्या कामाचं होतं. पाचवी-सहावीतली मुलं आपसांत वाद घालताना मी ऐकली आहेत, की ‘विहिरीत’चं मूळ रूप ‘विहीर’, मग दुसऱ्या वेलांटीचं काय झालं? ‘कापसाला’चं मूळ ‘कापूस’, मग ‘ऊ’ गेला कुठे? हे त्यांना कोणी गृहपाठ म्हणून दिलेलं नसतं. दुवा लागावा म्हणून ते त्यांना ठरवावंच लागतं. व्याकरणाचा असा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तुमचं मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि मराठी लिहिताना अडखळत असेल, तर त्याच्यासाठी याहून चांगला सराव मला सुचत नाही.

व्याकरणापलीकडे आणखी एक गोष्ट त्या रेघेमुळे घडते. मुलाला प्रत्येक नावापाशी थांबून विचार करावा लागतो. आपलं सेलू घ्या. परभणी जिल्ह्यातही एक सेलू आहे, तेही तालुक्याचं ठिकाण. नुसतं [[सेलू]] लिहिलं तर हिंगणीचा वाचक मराठवाड्यात जाऊन उतरायचा. म्हणून आधी शोधून पाहायचं, की आपल्या सेलूचं पान कोणत्या नावानं आहे, आणि मग तसा दुवा द्यायचा. समजा ते ‘सेलू (वर्धा)’ असेल तर [[सेलू (वर्धा)|सेलू]]. हिंगणी नावाची गावंही महाराष्ट्रात आणखी आहेत. आणि ‘बोर’चं तर विचारूच नका. आपण सहज म्हणतो “बोरला गेलो होतो”, तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं. पानावर मात्र बोर म्हणजे बोराटीचं फळ, बोर म्हणजे नदी, बोर म्हणजे नदीवरचं मातीचं धरण, बोर म्हणजे १९७० सालचं अभयारण्य, आणि तेच २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. ‘बोरच्या पाण्यावर रब्बी निघते’ या वाक्यात कोणता दुवा द्यायचा? नदीचा की धरणाचा? मूल तुमच्याकडे येऊन हे विचारेल. उत्तर तुमच्याकडे आहे, कारण त्या पाण्याची वाट तुम्ही दर हंगामात पाहता.

माझी तुम्हाला विनंती आहे, की अशा वेळी “मले काय समजते त्यातलं” असं म्हणून त्याला परत पाठवू नका. खुणांचं ज्ञान मुलाकडे आहे, गावाचं तुमच्याकडे. वावर, धुरा, पऱ्हाटी हे शब्द ते घरात ऐकतं, पण लिहिताना त्याला वाटतं की पुस्तकात शोभतील असेच शब्द हवेत. तुम्ही सांगा, पऱ्हाटीला पऱ्हाटीच म्हणतात. पान लिहिताना प्रमाण शब्द आणि आपला शब्द दोन्ही देता येतात. एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारं छोटं पानही करता येतं, त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. एका ओळीचं काम आहे: #पुनर्निर्देशन [[सेवाग्राम]]. सेगाव या नावाच्या पानावर ही ओळ असली, की जुन्या पुस्तकात सेगाव वाचून शोधायला आलेला माणूस सेवाग्रामलाच पोचतो. जे काम १९४० साली अख्ख्या गावाचं नाव बदलून करावं लागलं, ते इथे दोन्ही नावं जिवंत ठेवून होतं.

दुवा निळा दिसला की पान आहे, लाल दिसला की ते अजून कोणी लिहिलेलं नाही. पहिल्यांदा लाल रंग पाहून मुलांना वाटतं आपलं चुकलं. शाळेतल्या लाल शाईची सवय असते ना. त्यांना सांगावं लागतं, की लाल दुवा म्हणजे पुढच्या माणसासाठी ठेवलेलं काम आहे. समजा मुलानं कापसाच्या पहिल्या वेचणीबद्दल लिहिताना [[सीतादही]] असा दुवा दिला आणि तो लाल आला. हरकत नाही, तो तसाच राहू द्यावा. आज ना उद्या कोणीतरी ते पान लिहील, आणि त्या दिवशी हा दुवा आपोआप निळा होईल. मुलाला पुन्हा काही करावं लागणार नाही.

मात्र त्या पानावर आजीनं सांगितलेलं जसंच्या तसं चढवता येत नाही. ही गोष्ट मुलांना आणि आजीलाही लागते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. विकिपीडियावर प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला छापील किंवा विश्वासार्ह आधार लागतो आणि तो कुठून घेतला हे खुणेनं दाखवावं लागतं. आजी खोटं बोलते असं कोणी म्हणत नाही. पण लांब बसलेल्या वाचकाला पडताळून पाहता येईल असं काहीतरी हवं. म्हणून आजीचं ऐकून घ्यायचं, वहीत उतरवायचं, आणि मग आधार शोधायला निघायचं. वर्धा जिल्ह्याचं १९०६ सालचं गॅझेटियर आहे, १९७४ सालचं आहे, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत, मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. पुष्कळदा आजीची गोष्ट त्यात कुठेतरी सापडते. नाही सापडली तर ती वहीत राहते, आणि ती वहीही फेकून द्यायची नसते.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे नाव इथे मुलांना सांगावं असं मला वाटतं. रायपूरला जन्मलेले, अमरावतीत वाढलेले, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळवून आलेले. मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून त्यांनी नागपुरात मंडळ काढलं, भागभांडवल गोळा केलं, ग्राहक मिळवण्यासाठी वणवण केली आणि पुढे पुण्यात बसून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे केले. कागद, छपाई, टपाल, कर्ज, सगळं त्यांच्या माथ्यावर होतं. आज तेवढ्याच तळमळीच्या मुलाला यातलं काहीही लागत नाही. लागतो तो आधार शोधण्याचा कंटाळा न करण्याचा स्वभाव, आणि तो घरातून येतो.

कोणी म्हणतं, आता बटणं आली आहेत, शब्द निवडला आणि बटण दाबलं की ठळक होतो, मग खुणा कशाला शिकायच्या? बटणांची सोय खरीच आहे आणि मुलानं ती वापरायला माझी ना नाही. पण साध्या मोबाइलवर आणि ढिल्या नेटवर्कवर कच्चा मजकूर लवकर उघडतो. शिवाय पान बिघडलं तर ते कुठे बिघडलं हे खुणा वाचता येणाऱ्यालाच दिसतं. खुणा येणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट कळते. पडद्यावर दिसतं त्यामागे काहीतरी लिहिलेलं असतं, ते माणसानं लिहिलेलं असतं, आणि ते आपल्यालाही लिहिता येतं. इंटरनेटवरची सगळी पानं ज्या भाषेत बांधलेली असतात ती एचटीएमएलही अशा खुणांचीच आहे. पुढे मूल तिकडे गेलं तर त्याला ती परकी वाटणार नाही.

आणि कोणी विचारतं, याचे मार्क मिळतात का? नाही मिळत. प्रमाणपत्रही नाही. तुम्ही कास्तकार आहात, दर गोष्टीत हिशेब बघावा लागतो, हे मला कळतं. पण ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. मूल हातानं काहीतरी उपयोगाचं करत, आपल्या मातृभाषेतून शिकावं, असा विचार तिथे मांडला गेला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. तेव्हा हाताला चरखा होता. आज आपलं मूल दोन परिच्छेद लिहितं आणि उद्या कारंज्याचा किंवा कॅनडातला कोणी मराठी माणूस ते वाचतो. हे उपयोगाचं काम आहे. मूल बारा-चौदा वर्षांचं असताना त्याच्या हातून उपयोगाचं काम होतंय, हे त्याला कळू द्या.

काळजीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. विकिपीडियाचं पान सगळ्या जगाला दिसतं आणि केलेला प्रत्येक बदल ‘इतिहास’ या भागात कायम राहतो. पुसलं तरी मागचं रूप कोणालाही उघडून पाहता येतं. म्हणून मुलानं स्वतःचं पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता, मोबाइल नंबर, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं यातलं काहीही लिहू नये. खातं उघडताना टोपणनाव घ्यावं, आणि नुसत्या टोपणनावानं खातं उघडतं. तुमच्या घराण्याचं, दुकानाचं, पुढाऱ्याचं कौतुक लिहायला त्याला सांगू नका. ते टिकत नाही, आणि ज्याच्या हातून ते लिहून घेतलं त्या मुलाचं नाव मात्र खराब होतं. फोटो टाकायचा तर स्वतः काढलेला. बोरच्या जलाशयाचा असेल तर उत्तम. कोणाच्या लग्नातला नको.

आणखी एक. हल्ली मोबाइलाला विचारलं की तो गावावर दहा ओळी झटक्यात लिहून देतो. वाक्यं गुळगुळीत असतात, संदर्भही दिलेले असतात, आणि त्यातले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात. मूल ते उचलून डकवतं. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्यात मुलाचं शिकणंही जातं आणि वाचणाऱ्याचा विश्वासही. “हे तू कुठे वाचलंस, मला दाखव,” असं तुम्ही म्हणालात आणि त्याला पुस्तकाचं पान दाखवता आलं, तर ठीक. नाही दाखवता आलं तर ती ओळ काढून टाकायला लावा, मग ती कितीही छान असो.

लिहिलेलं कधी कधी दुसरा संपादक उलटवतो. दोन संध्याकाळी खपून लिहिलेला परिच्छेद सकाळी उठून पाहावं तर गायब. मूल रडतं, कधी रागावतं. तेव्हा तुम्ही काय म्हणता याला फार महत्त्व आहे. “कशाला करतं असले धंदे” असं म्हणू नका. त्याच्याबरोबर ‘इतिहास’ उघडा. काढणाऱ्यानं बहुतेक वेळा सारांशात एका ओळीत कारण दिलेलं असतं, संदर्भ नाही, जाहिरात वाटते, मजकूर दुसरीकडून उचललेला दिसतो. कारण पटलं तर दुरुस्त करून पुन्हा लिहावं. पटलं नाही तर पानाच्या ‘चर्चा’ भागात नम्रपणे विचारावं आणि खाली चार नागमोडी खुणा द्याव्यात, ~~~~, म्हणजे सही आपोआप उमटते. तिथे काका-मामा म्हणायची गरज नाही, पण अहो-जाहो पाळावं. अनोळखी मोठ्या माणसाशी मुद्द्याला धरून, न भांडता मतभेद कसा मांडायचा, हे मुलं फार कमी ठिकाणी शिकतात. मोठ्यांनाही ते सगळ्यांना येतं असं नाही.

सुरुवात कुठून करायची हे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. गावाचं नवं पान लिहायला बसू नये. ते आधीच असण्याची शक्यता मोठी आहे. महाराष्ट्रातल्या गावांची हजारो पानं मराठी विकिपीडियावर दोन-चार ओळींवर थांबलेली आहेत. आपल्या तालुक्यातलं असं एखादं पान उघडावं, एक चुकलेली वेलांटी दुरुस्त करावी, एक दुवा घालावा, झलक पाहावी, सारांशात ‘दुवा जोडला’ असं लिहावं आणि प्रकाशित करावं. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या किंवा सेलूच्या वाचनालयात जाऊन एखाद्या विधानाला आधार शोधावा. मुलाला तिथे घेऊन जाणं हे तुमचं काम, आणि ते मोबाइलवर होणार नाही.

वेळेचंही बोलून ठेवा. जेवणाआधी अर्धा तास, तुम्ही घरात असताना, ओसरीवर किंवा स्वयंपाकघरात, दार लावून नाही. वेचणीच्या दिवसांत जमलं नाही तर राहू द्या, पान कुठे जात नाही.

खातं उघडताना ईमेलची जागा रिकामी सोडली तरी चालतं, म्हणून मुलं ती सोडून देतात. पुढे पासवर्ड विसरला की खातं परत मिळवायची वाटच उरत नाही आणि सगळं नव्यानं करावं लागतं. तेव्हा तुमचा ईमेल तिथे जोडा, पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा.